साळवे काकांचा एकच शब्द

साळवे काकांसमोर बासुंदीची दुसरी वाटी मागायची असेल तर जरा विचार करून मागावी. काका अडवणार नाहीत की टोकणार नाहीत. ते फक्त शर्टाच्या खिशातून एक कोरं पांढरं कार्ड काढतील, पेनाचं टोपण दातात धरतील आणि अत्यंत अदबीने विचारतील, "नोंद करू का?" नवखा माणूस गोंधळून "करा की" म्हणतो. मग कार्डावर त्याचं नाव, मूळ गाव, पदार्थ आणि वाटीचा क्रमांक चढतो, आणि डाव्या कोपऱ्यात एक चिनी अक्षर उमटतं. त्या अक्षराचा अर्थ लोभ. हे कळल्यावर माणूस बासुंदी संपवतो, पण मान खाली घालून.

मी स्वतः त्यांच्याकडे चार कार्डांवर आहे. माझी बायको अश्विनी दोन कार्डांवर आहे आणि ती दोन्ही अन्यायाने लिहिली गेली असं तिचं म्हणणं आहे. आमची अनया लहानपणीच तिसऱ्या आइस्क्रीमपायी एका कार्डावर गेली. काकांचा हात खिशाकडे गेला की ती त्यांच्या तोंडावर म्हणायची, "बाबा, ही इज डूइंग इट अगेन." काका तिला "किया ओरा, मॅडम" असा इथला माओरी नमस्कार घालायचे आणि लिहायचं ते लिहायचेच. ही सगळी कार्डं दोन लिटरच्या आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात अंगठ्याएवढ्या चिठ्ठ्यांनी विभागून ठेवलेली असत. डबा वास येऊ नये म्हणून तीनदा धुतलेला होता, तरी कार्डांना व्हॅनिलाचा वास यायचा.

दिनकर साळवे मूळचे खडकीचे. ऑकलंडला येऊन त्यांना वीस वर्षं होत आली होती. राहायला मनुरेवात, आणि काम शहरातल्या उंच इमारतींमधल्या लिफ्ट दुरुस्त करायचं. उंची बेताची, मिशी भरघोस, पायात बारा महिने कंपनीचे जाड बूट. सगळं ऑकलंड उन्हाळ्यात जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून फटक फटक करत फिरतं तेव्हाही काका बूट घालून. माणसांचं त्यांचं सगळं ज्ञान लिफ्टमधून आलेलं. ते म्हणायचे, "तेरा माणसांची लिफ्ट असते. चौदावा चढतो. भोंगा वाजतो. आता उतरायचं कुणी? सगळे एकमेकांच्या बुटांकडे बघतात. मंदार, मी मशीनच्या खोलीत बसून वीस वर्षं तो भोंगा ऐकतोय. माणसाचा अभ्यास करायला यापेक्षा चांगली जागा नाही."

पण लिफ्टवाल्या माणसाला चिनी शब्दाचं वेड कसं लागलं, हे सांगायला हवं. महिन्यातल्या एका रविवारी आम्ही वीस-पंचवीस कुटुंबं मनुरेवातल्या एका हॉलमध्ये बुद्धवंदनेला जमतो. वंदना होते, कुणीतरी थोडं बोलतं, मग प्रत्येकाने घरून आणलेल्या पदार्थांचं जेवण. २०१३ साली अशाच एका रविवारी बोलणाऱ्या पाहुण्याने सहज सांगितलं, की आपले काही जुने बौद्ध ग्रंथ भारतात शिल्लकच राहिले नाहीत. त्यांची चिनी भाषांतरं तेवढी आहेत, तीही जुन्या, आजच्या चिनी माणसालाही जड जाणाऱ्या चिनीत.

काका उभे राहिले. "म्हणजे पुस्तक आपलं, आणि वाचायचं तर चिनी शिकायचं?"

पाहुणे म्हणाले, दुर्दैवाने तसंच आहे.

"मग शिकू या," काका म्हणाले आणि खाली बसले. सगळे हसले. काका हसले नव्हते, हे माझ्या लक्षात आलं होतं.

लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस काम हातात घेताना आधी आराखडा करतो. काकांनी केला. लोभ, द्वेष आणि मोह ही वाईटाची तीन मुळं, त्यांचे तीन चिनी शब्द. प्रत्येकाला एक महिना. तीन महिन्यांत पाया पक्का, आणि वर्षअखेरीला पहिला ग्रंथ हातात. आराखडा त्यांनी कंपनीच्या तपासणी फॉर्मच्या मागच्या बाजूला काढून मला दाखवला होता आणि खाली सहीसुद्धा केली होती.

२०१८ साल उजाडलं तेव्हा काका लोभावरच होते. "काका, कुठवर आलं?" असं कुणी विचारलं की ते शांतपणे सांगत, "अजून द्वेषापर्यंत पोचलो नाही." हे वाक्य आमच्या सगळ्यांच्या घरात शिरलं. अश्विनी ऑफिसातून तणतणत आली, तिच्या मॅनेजरचा उद्धार सुरू झाला, की मी विचारायचो, "पोचलीस का?" ती म्हणायची, "कधीच पोचले. आता पुढच्या स्टेशनावर आहे."

आता गुरुजी. काकांना गुरू मिळाला तो आमच्यामुळे. २०१३ सालीच आम्ही टाकानिनीच्या नव्या वसाहतीत घर घेतलं तेव्हाची गोष्ट. इथली घरं इतकी खेटून, की शेजारचा कुकर किती शिट्ट्यांवर बंद होतो तेही कळावं. आमच्या शेजारी लिन कुटुंब. मुलगा, त्याची बायको मेई, आणि मुलाचे वडील, म्हणजे आमचे लिन आजोबा. सत्तरी ओलांडलेले, निवृत्त शिक्षक, आयुष्यभर जुनं चिनी साहित्य शिकवलेले. इंग्रजी त्यांना "गुड मॉर्निंग" आणि "नो पार्किंग" एवढंच येत होतं. रोज सकाळी ते बादलीभर पाणी आणि काठीला स्पंज बांधलेला एक कुंचला घेऊन गाडी लावायच्या सिमेंटच्या उतारावर यायचे. पहिले काही दिवस आम्हाला वाटलं, म्हातारा उतार धुतोय, आणि फार वाईट धुतोय. मग कळलं, ते पाण्याने अक्षरं लिहितायत. ओळ पूर्ण होईपर्यंत पहिलं अक्षर वाळून जायचं. वहीत काही उरत नाही, पुसायची कटकट नाही. त्यांच्याकडे म्हातारी माणसं बागेत अशीच लिहीत बसतात, असं मेईने सांगितलं.

नव्या घरात आम्ही काकांना जेवायला बोलावलं होतं. काका गाडीतून उतरले, लिन आजोबांना पाहिलं आणि तिथेच उभे राहिले. अर्धा तास. आत अश्विनीने पोळ्या दोनदा गरम केल्या. शेवटी मेई आमच्या दारात आली आणि जरा संकोचाने इंग्रजीत म्हणाली, "तुमचे पाहुणे माझ्या सासऱ्यांकडे लोभ मागतायत."

आजोबांनी शिकवायचं कबूल केलं. दर शनिवारी सकाळी दहा वाजता. फी म्हणून काकांनी आणलेला चिवडा त्यांनी पहिल्याच दिवशी मान्य केला. मात्र त्यांची एक अट होती, आणि पुढच्या सगळ्या भानगडी त्या अटीतूनच झाल्या. शब्दाचा एक वापर शिकवला, की तो वापर ज्याला लागू पडतो असं ओळखीचं जिवंत माणूस विद्यार्थ्याने शोधून आणायचं. तोवर पुढचा वापर नाही. चाळीस वर्षं त्यांनी गावातल्या पोरांना असंच शिकवलं होतं. शब्द पुस्तकात राहतो तोवर तो आपला नसतो, असं काहीसं त्यांचं मत मेईने आम्हाला सांगितलं. काकांना ही पद्धत फारच आवडली. मशीन उघडून बघितल्याशिवाय बिघाड कळत नाही, असं ते म्हणाले.

शब्दाचा उच्चार 'थान'च्या जवळपासचा. पण सूर वर नेऊन सपाट धरायचा. काकांनी त्याची युक्ती काढली. "पंधराव्या मजल्यावर न्यायचं आणि तिथे दार उघडं धरून ठेवायचं." मग ते डोळे मिटून, मान वर करून तो शब्द असा काही धरत, की समोरच्या घरातला कुत्रा भुंकायला लागे. अक्षराचे दोन भाग. वरच्या भागाचा अर्थ 'आत्ता'. खालचा भाग म्हणजे कवडी, जुना पैसा. "आत्ताच्या आत्ता कवडी हवी म्हणजे लोभ," काका सगळ्यांना सांगत. आजोबांनी त्यांना दहा वेळा समजावलं, की वरचा भाग नुसता उच्चारासाठी आहे, अर्थासाठी नाही. काका ऐकून घेत, मान डोलवत आणि पुढच्या माणसाला पुन्हा कवडीचंच सांगत.

पहिला वापर सोपा होता. लाचखाऊ अधिकारी. त्याचं उदाहरण आठवायला काकांना अर्धं मिनिट लागलं. पण मग गंमत सुरू झाली. जुन्या चिनी लिखाणात हा शब्द कुठेही जाऊन बसतो. झोपेचा लोभ असतो. खेळाचा असतो. पेल्याचा, म्हणजे दारूचा, तर असतोच. गारव्याचा लोभ असतो, म्हणजे उकडतंय म्हणून उघड्यावर पडून राहायचं आणि सर्दी ओढवून घ्यायची. नावाचा लोभ असतो. काळोखाचासुद्धा असतो, म्हणजे अंधार पडला तरी काम सोडवत नाही. आणि काकांना सगळ्यात आवडलेला, हिरवेपणाचा लोभ. पीक कापणीची वेळ आली तरी पानं फुटतच राहतात, दाणा धरत नाही, त्याला चिनी शेतकरी म्हणतात की पीक हिरव्याला लोभावलं.

आता माणसं शोधायची. झोपेच्या लोभाला मी सापडलो. बँकेतलं काम संपवून मी शहरातल्या ब्रिटोमार्ट स्टेशनावरून लोकल गाडीत बसतो आणि डोळा लागतो. टाकानिनी येऊन जातं आणि मी शेवटच्या स्टेशनावर, पापाकुराला उतरतो. आठवड्यातून एकदा तरी. काकांनी एकदा सोबत येऊन खात्री करून घेतली. मला उठवलं नाही. पापाकुराच्या फलाटावर मी डोळे चोळत उतरलो तेव्हा समोर काका कार्ड भरत उभे होते. हिरव्याच्या लोभासाठी त्यांनी आमच्यातला एक गुणी मुलगा धरला, जो एक कोर्स झाला की दुसऱ्याला नाव घालायचा. त्याची तीन पदवीदानं झाली होती, नोकरीचा अजून पत्ता नव्हता. गारव्याच्या लोभावर इकडच्या जूनच्या थंडीत शॉर्ट्स घालून, नाक पुसत "स्वीट अॅज", म्हणजे एकदम मस्त, म्हणणारे निदान सहाजण होते. त्यातला एकच निवडायचा म्हणून काका दोन आठवडे काळजीत होते.

शनिवारचं गणित ठरून गेलं. दहा वाजता काका येत. दोघं उताराच्या कडेला प्लास्टिकच्या दोन ठेंगण्या स्टुलांवर बसत. आजोबा लिहीत, काका बघत, मग काका लिहीत आणि आजोबा कुंचल्याच्या काठीने त्यांच्या बुटावर टकटक करून चूक दाखवत. मेई मोकळी असली तर भाषांतर करी, नसली तर दोघं हातवारे करत. आजोबा काकांना 'मिस्टर लिफ्ट' म्हणत. बाराला शिकवणी संपायची, पण एकाच्या आधी कधी संपली नाही. मग काका आमच्याकडे जेवत आणि चारच्या सुमाराला जात. शकुंतला काकू वृद्धाश्रमात नर्स आहेत, शनिवार-रविवार त्यांची ड्यूटी असते. मुलं दोन्ही मेलबर्नला. हे सगळं मला ठाऊक होतं, आणि तरी त्यातून काही जोडून बघायचं मला सुचलं नव्हतं.

२०१८च्या नोव्हेंबरात उज्ज्वलाताई बनसोडे, म्हणजे आमच्या मंडळाच्या सचिव, यांनी काकांना रविवारी दहा मिनिटं बोलायला सांगितलं. विषय अर्थातच लोभ. काका आइस्क्रीमचा डबा घेऊन उभे राहिले. पहिली तीन मिनिटं कवडीत गेली. मग त्यांनी डबा उघडला आणि उदाहरणं वाचायला घेतली. नावासकट. माझ्या झोपेचं कार्ड आलं, लोक हसले. शॉर्ट्सवाला आला, तोही हसला. कोर्सवाला मुलगा आला तेव्हा त्याची आई हसली नाही. पेल्याचा लोभ आला तेव्हा हॉल एकदम गप्प झाला, कारण ज्यांचं नाव आलं त्यांनी पेला सोडल्याचं घरी सांगितलेलं होतं. आणि मग काकांनी आनंदाने जाहीर केलं, "नावाचा लोभ. उज्ज्वलाताई बनसोडे. बॅनरवरचं स्वतःचं नाव दोनदा मोठं करून घेतलं."

काकांचं खरोखर असं मत होतं, की हा मान आहे. दीड-दोन हजार वर्षांच्या जुन्या शब्दात आपल्या मनुरेवाच्या माणसांना जागा मिळाली, याचा त्यांना अभिमान वाटत होता. शिवाय यातले निम्मे लोभ जुन्या चिनीत दुर्गुण धरलेच जात नाहीत, हे ते पुढे सांगणार होते. पण तोवर दहा मिनिटं संपली आणि उज्ज्वलाताईंनी माइक काढून घेतला.

जेवताना काकांच्या टेबलावर आम्ही तिघं आणि काकू. एरवी बारा जण असतात. काकांनी आणलेली अळूवडी तशीच परत गेली. पुढचा महिनाभर व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर काकांच्या सुप्रभाताला फक्त मी आणि अश्विनी उत्तर देत होतो. काका म्हणाले, "अर्थ पोचला नाही लोकांपर्यंत." पण ते त्या महिन्यात एकही कार्ड लिहू शकले नाहीत, हेही मला दिसत होतं.

त्याच महिन्यात लिन कुटुंबाचं ठरलं. मुलाला ब्रिस्बेनला चांगली नोकरी मिळाली होती. फेब्रुवारीत घर रिकामं करायचं. शनिवारी मेईने हे काकांना सांगितलं. काका बराच वेळ बुटाची लेस बांधत राहिले. मग त्यांनी हॉलमधली सगळी हकीकत आजोबांच्या कानावर घातली. मेई भाषांतर करत गेली तसे आजोबा हसत गेले, इतके की त्यांना ठसका लागला. मग डोळे पुसून त्यांनी एकच प्रश्न विचारला. सगळ्यांची कार्डं झाली, मिस्टर लिफ्टचं कुठे आहे?

काकांकडे स्वतःचं कार्ड नव्हतं.

आजोबा म्हणाले, मग शेवटचं उदाहरण तेच. मी जायच्या आत घेऊन ये. ते खरं निघालं तर तुला हा शब्द आला. नाही तर सहा वर्षं आपण दोघांनी उतार ओला केला.

काकांच्या जिवाला घोर लागला. सहा वर्षांचा अभ्यास एका उदाहरणावर अडकला होता आणि हातात दहा शनिवार होते. पंचाईत अशी, की त्यांना खरंच कशाचा लोभ नव्हता. गाडी पंधरा वर्षं जुनी, कपडे कंपनीचे, जेवण समोर येईल ते. त्यांनी घरापासून सुरुवात केली. काकू म्हणाल्या, "तुमचा लोभ? अहो, तुम्हाला चहा प्यायचीसुद्धा आठवण करून द्यावी लागते." मग ते आमच्याकडे आले. मी म्हटलं, कार्डं लिहायचा लोभ धरा. काकांनी विचार करून सांगितलं, "तो नाद आहे. लोभात सुटू नये असं वाटावं लागतं."

मग त्यांनी जे केलं ते फक्त साळवे काकाच करू शकतात. ज्यांना दुखावलं होतं त्या प्रत्येकाच्या घरी ते गेले, कार्ड परत केलं आणि म्हणाले, तुमचं तुम्ही ठेवा, आता माझं सांगा. माणसं चक्रावली. पेलेवाल्यांनी त्यांना दारातच मिठी मारली म्हणतात. उज्ज्वलाताई तर हौसेने वही घेऊन बसल्या. आता सोडायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. अर्धा तास विचार करून त्यांनी वहीत 'दुसऱ्याच्या ताटात बघणे' एवढं लिहिलं, आणि मग स्वतःच खोडलं, कारण काका दुसऱ्याच्या ताटात बघतात पण घेत काहीच नाहीत. शेवटी त्यांनी काकांना चकल्यांचा डबा बांधून दिला आणि पुढच्या रविवारी अळूवडी आणायची आठवण केली. ग्रुपवर सुप्रभाताला पुन्हा वीस-वीस हात जोडले जाऊ लागले. लोकांशी सगळं मिटलं. उदाहरण मात्र मिळालं नव्हतं.

जानेवारीत काकांनी घाईघाईने दोन उदाहरणं नेऊन बघितली. एकदा पान्यांच्या नव्या सेटचा लोभ. आजोबांनी सेट आणायला लावला. बघतात तर त्यावरचा प्लास्टिक कागद अजून फाडलेला नव्हता. दुसऱ्यांदा आल्याच्या चहाचा लोभ. आजोबांनी काकांच्या थर्मासमधला चहा स्वतः पिऊन टाकला आणि काकांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. काका कौतुकाने विचारत होते, साखर बरोबर आहे ना. आजोबांनी काठीने बुटावर टकटक केलं. नापास.

एका गुरुवारी संध्याकाळी कचऱ्याचे डबे रस्त्यावर काढून ठेवताना मेई भेटली. मी सहज म्हटलं, तुमच्या सासऱ्यांनी शिक्षा फार कडक दिली, बिचारे काका सहा वर्षांत दुसऱ्या शब्दापर्यंतसुद्धा पोचले नाहीत.

मेईने डबा सोडला आणि माझ्याकडे बघितलं. तिने जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. आजोबांनी दुसरा शब्द, द्वेषाचा, दुसऱ्याच वर्षी काढला होता. काका म्हणाले, पहिल्याबद्दल अजून एक शंका आहे. पुढच्या चिनी नववर्षाला आजोबांनी तो पुन्हा काढला. काकांना पुन्हा शंका. असं चार वेळा झालं. "बाबा म्हणतात, लोभ या शब्दात शिकण्यासारखं होतं ते तीन वर्षांपूर्वीच संपलं," मेई म्हणाली. "मग त्यांनी कुठकुठले वापर शोधून काढायला सुरुवात केली. आता रोज तासभर जुनी पुस्तकं चाळतात, शनिवारसाठी."

मी घरात येऊन अश्विनीला सांगितलं. ती कोथिंबीर निवडत होती, तिचे हात थांबले. "काकू ड्यूटीवर, मुलं मेलबर्नला," ती म्हणाली. "शब्द संपला असता तर शनिवारी ते कुठे गेले असते, मंदार?"

मला माझी लाज वाटली. सहा वर्षं हा माणूस दर शनिवारी माझ्या टेबलावर जेवला. मी त्यांच्या वाक्यांच्या नकला केल्या, त्यांचे किस्से ऑफिसात सांगून लोकांना हसवलं. चार वाजता आमच्या दारातून बाहेर पडल्यावर रात्रीपर्यंत ते काय करतात, हे एकदाही विचारलं नव्हतं. काकांना जाऊन उत्तर सांगून टाकावं असंही मनात आलं. अश्विनीने अडवलं. "त्यांचं त्यांना सापडू दे," ती म्हणाली.

शेवटच्या शनिवारी ऊन कडक होतं. लिन कुटुंबाच्या गॅरेजमध्ये खोके छतापर्यंत लागले होते. काका दहाला आले ते इस्त्रीचा शर्ट घालून. डबा आणला नव्हता, कार्डंही नव्हती. मला वाटलं, हार मानली. मी कुंपणापाशी झाडांना पाणी घालत होतो, म्हणजे नळी हातात धरून ऐकत होतो.

दोघं स्टुलांवर बसले. काकांनी कुंचला मागून घेतला, बादलीत बुडवला, निथळू दिला. मग त्यांनी आपलं नेहमीचं अक्षर काढलं, कवडीचं. इतक्या वर्षांत मलाही ते ओळखू येऊ लागलं होतं. त्याच्या खाली त्यांनी दुसरं काढलं. ते मी पूर्वी पाहिलं नव्हतं. खाली जमीन, आणि तिच्यावर शेजारी शेजारी दोन माणसं.

मेई दारात येऊन उभी होती. तिने वाचलं आणि हळूच म्हणाली, "बसणं."

काका मराठीतच बोलले. मेईला कळणार नाही याचं त्यांना भान नव्हतं किंवा चालत होतं. "गुरुजी, मला बसण्याचा लोभ आहे. इथे. तुमच्याशेजारी. मी तुम्हाला शंका विचारल्या त्यातल्या पुष्कळ खोट्या होत्या."

मी नळी खाली ठेवली, कुंपणाजवळ गेलो आणि मेईला इंग्रजीत सांगितलं. तिने आजोबांना चिनीत सांगितलं. आजोबांनी अक्षरांकडे पाहिलं. वरचं वाळायला लागलं होतं. असा वापर जुन्या लिखाणात आहे, ते म्हणाले. माणसं बसतात, त्यांना उठवत नाही. हा मी तुला शिकवला नव्हता.

मग त्यांनी काकांच्या हातातून कुंचला घेतला. दोन माणसांच्या खाली एक छोटं अक्षर काढलं, बोटाने स्वतःच्या छातीकडे दाखवलं आणि मेईकडे बघितलं.

"मीही," मेई म्हणाली.

काकांनी आपला जाड बूट जरा पुढे सरकवला. आजोबांनी या वेळी काठीने टकटक केलं नाही, त्यावर हात ठेवावा तसा ओला कुंचला ठेवला. बुटावर पाणी ओघळलं. दोघंही उठले नाहीत.

बारा वाजले, एक वाजला. ट्रकवाल्याचा मेईला फोन आला, ती आत जाऊन त्याला थांबायला सांगून आली. अश्विनीने खिडकीतून मला खूण केली, जेवायला बोलावू का. मी आत गेलो आणि तिला म्हटलं, भात अर्ध्या तासाने लाव, आणि चौघांचा नको, सगळ्यांचा लाव.